साथ, कोठडी आणि ‘व्यक्ती’ हा शब्द

गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षा नाही आणि तरीही कोठडी आहे. ही अवस्था ज्यांच्या वाट्याला येते त्यांत ‘परकी’ ठरविला गेलेला माणूस आज पहिल्या रांगेत उभा आहे. कायद्याच्या भाषेत त्याची कैद म्हणजे शिक्षा नव्हे, ती प्रशासनाची सोय होय. त्याला देशाबाहेर घालवायचे आहे, तोवर त्याला कोठेतरी ठेवायचे आहे, एवढेच शासनाचे म्हणणे असते. हे ‘कोठेतरी’ म्हणजे प्रत्यक्षात तुरुंगच असतो. पहारा तोच, बराक तीच, एकावर एक रचलेल्या खाटा त्याच. फरक इतकाच, की चोराला आपण कधी सुटणार हे ठाऊक असते, याला ते ठाऊक नसते.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि या ‘सोयी’चे खरे स्वरूप उघडे पडले. सगळ्या जगाला दूर दूर राहायला सांगितले जात होते, त्याच वेळी हजारो माणसे सरकारी हुकुमाने दाटीवाटीने कोंडलेली होती. त्यांनी न्यायालयांची दारे ठोठावली. त्या लढ्याचा इतिहास मला येथे मांडावयाचा आहे. पण तो २०२० पासून मांडला तर अर्धवट राहील. त्याचे एक मूळ आपल्या मुंबईत आहे.

१

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. हा कायदा फार छोटा आहे. सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा त्याने दिली आणि सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, असेही लिहून ठेवले. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, रेल्वे स्थानकावरची तपासणी, छावण्या हे सारे त्याच्या आधाराने झाले. याच कायद्याचा आधार घेऊन २०२० सालीही आपल्याकडे हुकूम निघाले, हे विसरता येत नाही.

त्याच काळात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तेथील कैद्यांवर तिची मोठी चाचणी झाली. साथीचा आणि कोठडीचा संबंध असा आरंभापासूनचा आहे. कोंडलेला माणूस रोगाला सापडतो आधी आणि प्रयोगालाही सापडतो आधी.

तिकडे पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवीत होत्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच पुण्यात त्याच महिन्यांत शिपायांच्या तुकड्या घरात घुसून माणसे बाहेर काढीत होत्या. साथ आली असता माणसाला हात द्यायचा की त्याच्याभोवती पहारा बसवायचा, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. पुढच्या सव्वाशे वर्षांत शासनसंस्थांनी बहुधा पहाराच निवडला.

२

हाफकिनची लस मुंबईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचली. मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत एका चिनी कामगाराचे प्रेत सापडले. प्लेगचा संशय आला आणि अधिकाऱ्यांनी सगळ्या वस्तीला दोर बांधून वेढा घातला. गोऱ्यांना बाहेर जाऊ दिले, चिनी माणसांना आत ठेवले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार आधीच बंद झाले होते. जे आत होते त्यांच्याकडे समाज ‘घाण’ म्हणूनच पाहत होता. साथीने त्या तिरस्काराला शास्त्राचा अंगरखा चढविला, एवढेच.

मे महिन्यात नवा हुकूम निघाला. हाफकिनची लस टोचून घेतल्याखेरीज कोणाही चिनी वा जपानी माणसाने शहर सोडू नये! या हुकुमाला वाँग वाय नावाच्या चिनी व्यापाऱ्याने न्यायालयात आव्हान दिले. न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी हुकूम रद्द केला. रोगाचा धोका या वंशाच्या लोकांनाच अधिक आहे याला पुरावा काय, असा त्यांचा प्रश्न होता. सरकारजवळ उत्तर नव्हते.

लगेच वस्तीला पुन्हा वेढा पडला. हजारो माणसे अडकली. कामे गेली, धान्य महागले. जू हो नावाच्या किराणा दुकानदाराने दावा लावला. १५ जून १९०० रोजी मॉरो यांनी वेढाही उठविला. या निकालातील दोन मुद्दे मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला असा, की वेढ्याची रेषा गोऱ्यांची घरे वगळत वाकडीतिकडी नेली होती. म्हणजे ती रोगाला पाहून आखलेली नव्हती, माणसाची जात पाहून आखलेली होती. दुसरा मुद्दा त्याहून मूलगामी आहे. रोग असलेले घर वेगळे करणे ठीक. पण सबंध वस्ती एकत्र कोंडून ठेवली तर रोग थांबत नाही, उलट आत पसरतो. कोंडणे हाच धोका आहे, असे एका न्यायालयाने १९०० साली लिहून ठेवले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्लेग खोटा नव्हता. १९०४ पर्यंत त्या शहरात ११९ माणसे त्याने दगावली. तेव्हा जू होचा विजय हा शास्त्राविरुद्धचा विजय नव्हे. साथीच्या नावावर वंशाचा हिशेब चुकता करण्याविरुद्धचा तो विजय होता.

हे दावे उभे राहू शकले याचे कारण अमेरिकन राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील एक शब्द. गुलामगिरीच्या अंतानंतर, १८६८ साली आलेल्या या दुरुस्तीत कायद्याचे समान संरक्षण ‘नागरिका’ला नव्हे, ‘व्यक्ती’ला दिलेले आहे. १८८६ साली यिक वो या चिनी परटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ पक्का केला. काळ्या माणसांच्या मुक्तीसाठी लिहिलेला शब्द चिनी परटाच्या कामी आला. पण त्याच न्यायालयाने १८९३ साली सांगितले, की हद्दपारी ही शिक्षाच नव्हे. १८९६ साली ते म्हणाले, परक्याला खटल्यावाचून सक्तमजुरी देता येणार नाही, मात्र हद्दपारीसाठी कोंडून ठेवता येईल. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. आजच्या सगळ्या स्थानबद्धता छावण्या या दोन हातांच्या मधल्या जागेत उभ्या आहेत.

३

यानंतरचे मोठे प्रकरण एड्सच्या काळातले. सप्टेंबर १९९१ मध्ये हैतीत लष्कराने लोकनियुक्त अध्यक्ष आरिस्तिद यांना हुसकावले. हजारो काळी माणसे होड्यांतून निघाली. अमेरिकेच्या तटरक्षकांनी त्यांना समुद्रातच उचलून क्यूबातील ग्वांटानामो या लष्करी तळावर नेले. ज्यांची भीती खरी वाटली त्यांना पुढे अमेरिकेत अर्ज करण्यासाठी पाठविले. पण त्यांपैकी ज्यांच्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला त्यांना तेथेच काटेरी तारेत ठेवले. कारण १९८७ पासून अशा परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेश नव्हता. ही बंदी उठायला २०१० साल उजाडावे लागले. अन्याय असा दुहेरी होता. निर्वासित म्हणून त्यांचे म्हणणे प्रथमदर्शनी मान्य होते. केवळ रोगामुळे ती माणसे अडकली होती.

येल विद्यापीठातील विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक हॅरल्ड को यांच्या मार्गदर्शनाखाली हा खटला उभा केला. विद्यार्थी वाचकांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. छावणीतील माणसांनी १९९३ च्या आरंभी उपोषण केले. ८ जून १९९३ रोजी न्यायाधीश स्टर्लिंग जॉन्सन यांनी निकाल दिला. ते स्वतः कृष्णवर्णीय. आजारी माणसांना योग्य उपचारावाचून अनिश्चित काळ डांबून ठेवणे घटनाबाह्य आहे, त्यांना सोडा, असा हुकूम झाला. माणसे सुटली.

पण पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सरकारने अपील न करण्याची तयारी दाखविली, त्याच्या बदल्यात १९९४ साली हा निकाल दप्तरातून रद्दबातल करून घेतला. माणसे सुटली, निकाल पुसला गेला. वकिलांपुढे जिवंत माणसांचा प्रश्न होता. त्यांना दोष देता येणार नाही. पण पुढच्या पिढीला आधार म्हणून उभे राहील असे न्यायवचन त्या सौद्यात गेले. शासन कधी कधी माणूस सोडायला तयार असते. हक्क मान्य करायला मात्र तयार नसते.

४

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महामारी म्हटले. त्या सुमारास अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट या खात्याच्या ताब्यात सुमारे ३८,००० माणसे होती. काही खाजगी कंपन्यांच्या केंद्रांत, काही जिल्हा तुरुंगांत. पहिल्या दाव्यांपैकी एक वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथील केंद्राबद्दल होता. १९ मार्चला तेथील न्यायाधीशाने तातडीचा हुकूम नाकारला. केंद्रात अजून रोगी सापडलेला नाही, तेव्हा हानी कोठे आहे, असा तर्क होता. म्हणजे घर पेटेपर्यंत पाणी मागायचे नाही! वास्तविक १९९३ च्या जून महिन्यातच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की कैद्याने प्रत्यक्ष आजारी पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

चारच दिवसांत चित्र पालटू लागले. २३ मार्चला पश्चिमेकडील अपील न्यायालयाने, कोणी मागणी केलेली नसताना, एका मेक्सिकन स्त्रीला साथीच्या कारणावरून सोडण्याचा आदेश दिला. २६ मार्चला न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश अ‍ॅनालिसा टॉरेस यांनी न्यू जर्सीच्या तुरुंगांतील आजारी स्थानबद्धांना सोडले. ३१ मार्चला पेनसिल्व्हेनियात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी तेरा जणांना सोडले. मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायाधीश विल्यम यंग यांनी एका जिल्हा केंद्रातील स्थानबद्धांचे जामीन अर्ज रोज थोडे थोडे करून ऐकले. त्यांचा विचार साधा होता: एक माणूस बाहेर गेला, की आत राहिलेल्या सर्वांना थोडी अधिक जागा मिळते. म्हणजे एकाची सुटका ही सगळ्यांची सुरक्षितता होते. १९०० सालच्या मॉरोंच्या मुद्द्याचीच ही दुसरी बाजू होय.

या दाव्यांत कायद्याची अडचण कोणती होती, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज कैद बेकायदा आहे की नाही हे तपासण्यासाठी असतो. सरकार म्हणे, कैद कायदेशीरच आहे. तक्रार कैदेतील परिस्थितीची आहे. तर साबण द्या म्हणा, सोडा म्हणू नका. यावर वकिलांचे उत्तर असे, की अंतर राखता येत नाही अशा जागेत साबणाने भागत नाही. परिस्थिती सुधारण्याचा एकच मार्ग सुटका हा असेल तर परिस्थितीची तक्रार हीच कैदेची तक्रार होते. दुसरे असे, की ज्याला शिक्षा झालेली नाही त्याला शिक्षेसारखी वागणूक देता येत नाही, हे तत्त्व १९७९ पासून मान्य आहे. मग ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोपही नाही त्याला मरणाच्या छायेत का ठेवता?

२० एप्रिल २०२० रोजी कॅलिफोर्नियातील न्यायाधीश जीझस बर्नल यांनी सगळ्या देशाला लागू होईल असा हुकूम दिला. वृद्ध व आजारी स्थानबद्ध दहा दिवसांत शोधून काढा आणि प्रत्येकाच्या कैदेचा फेरविचार करा. ३० एप्रिलला सॅन डिएगोच्या न्यायालयाने ओटाय मेसा या खाजगी केंद्राबाबत तशीच पावले उचलली. सहा दिवसांनी, ६ मे रोजी, त्याच केंद्रातील ५७ वर्षांचा एल साल्वादोरचा माणूस कोरोनाने मेला. या खात्याच्या ताब्यातील हा पहिला कोरोनाबळी. अमेरिकेत त्याचे कित्येक दशकांचे आयुष्य गेले होते. एप्रिलमध्येच त्याचा जामीन नाकारला गेला होता.

कॅलिफोर्नियातीलच मेसा व्हर्डे येथील केंद्राच्या दाव्यात तर अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार पुढे आला. तपासणी केली तर रोगी सापडतील, सापडले तर त्यांना वेगळे ठेवावे लागेल आणि वेगळे ठेवायला जागा नाही, म्हणून तपासणीच टाळली गेली होती! ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी यावर कडक ताशेरे ओढून तपासणीचा हुकूम दिला.

मग उलटी लाट आली. पेनसिल्व्हेनियातील जोन्स यांनी एप्रिलमध्ये दिलेला असाच एक सुटकेचा आदेश अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केला. बर्नल यांचा देशव्यापी हुकूम ऑक्टोबर २०२१ मध्ये रद्द झाला. सरकारने काही ना काही उपाय केले होते, तेव्हा ‘जाणूनबुजून हेळसांड’ सिद्ध होत नाही, असा अर्थ लावला गेला. २०२० च्या अखेरीस स्थानबद्धांची संख्या निम्म्याहून खाली आली होती हे खरे. पण ते सगळे न्यायालयांचे यश नव्हे. हद्दपाऱ्या चालूच होत्या आणि २० मार्च २०२० पासून १९४४ च्या आरोग्य कायद्यातील एका कलमाच्या आधारे सीमेवरूनच माणसे परत लोटली जात होती. ते मे २०२३ पर्यंत चालले. एकीकडे आतल्या माणसाला रोगापासून वाचविण्याचे कर्तव्य सरकार नाकारीत होते, दुसरीकडे त्याच रोगाचे नाव घेऊन बाहेरच्या माणसाला दार बंद करीत होते.

युरोपात वेगळा अनुभव आला. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २६ मार्च २०२० रोजी सुटकेची मागणी फेटाळली. पण दावा दाखल झाल्याच्या दबावातच सरकारने शेकडो माणसे आधी सोडून दिली होती. स्पेनमध्ये मे २०२० पर्यंत सगळी स्थानबद्धता केंद्रे रिकामी झाली. विमाने बंद होती. हद्दपारी शक्य नसेल तर हद्दपारीसाठी कोंडणेही शक्य नाही, असा युरोपीय कायद्याचा दंडक आहे. केंद्रे रिकामी झाली म्हणून स्पेन देश बुडाला नाही.

५

आता आपल्या घरात पाहू. आसामात २०२० साली गोलपारा, कोक्राझार, सिलचर, दिब्रुगड, जोरहाट आणि तेजपूर अशा सहा जिल्हा तुरुंगांतच ‘परदेशी’ ठरविलेल्यांची केंद्रे होती. मार्च २०२० मध्ये तेथे सुमारे ८०० माणसे होती. त्यांपैकी अनेक जण जन्मभर तेथेच राबलेले गरीब. त्यावेळच्या १९४६ च्या कायद्याप्रमाणे आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा बोजा त्या माणसावरच होता. नावातील एका अक्षराची चूक, पुरात वाहून गेलेला कागद, लग्नानंतर बदललेले गाव, एवढ्यावर माणूस देशाबाहेरचा ठरे.

मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे झालेल्यांना सोडण्याची वाट दाखविली होती. अट अशी, की प्रत्येकी एक लाख रुपयांचे दोन भारतीय हमीदार हवेत. शेतमजुराला लाखाचा हमीदार कोण मिळणार? मार्च २०२० मध्ये न्यायालयाने तुरुंगांतील गर्दीची स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणात स्थानबद्धांच्या वतीने अर्ज झाला. १३ एप्रिल २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने तीन वर्षांची अट दोन वर्षांवर आणली आणि लाखाची हमी पाच हजारांवर आणली. त्यानंतर माणसे सुटू लागली. जी दारे एक वर्ष लाखाच्या कुलपाने बंद होती ती पाच हजाराच्या किल्लीने उघडली. मग प्रश्न पडतो, लाखाची गरज मुळात होती कोणाला?

ही एक बाजू. दुसरी बाजू वर्षभरातच दिसली. मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक रोहिंग्यांना पकडून हिरानगरच्या तुरुंगात ठेवले. साथीची दुसरी लाट चढत होती. ८ एप्रिल २०२१ रोजी नागपूरच्या याच सरन्यायाधीशांच्या पीठाने त्यांची सुटका नाकारली. समतेचा आणि जीविताचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण देशाबाहेर न घालविले जाण्याचा हक्क नागरिकाच्या वास्तव्य-स्वातंत्र्याशी जोडलेला आहे, असे म्हणून फक्त एवढेच सांगितले, की रीतसर कार्यवाहीवाचून हद्दपारी करू नये. आसामातील माणसाला साथीत बाहेर काढणारा तर्क जम्मूतील माणसापाशी येऊन थांबला.

६

हे निकाल एकापुढे एक ठेवून मी वाचत गेलो, तेव्हा मला त्यांत एक सूत्र दिसले. सुटका जवळजवळ प्रत्येक वेळी साथीची सवलत म्हणून दिली गेली. हक्क म्हणून ती क्वचितच मान्य झाली, आणि जेथे झाली तेथे पुढे एक तर निकाल पुसला गेला किंवा उलटविला गेला. म्हणून १९०० साली सिद्ध झालेली गोष्ट १९९३ साली पुन्हा सिद्ध करावी लागली आणि २०२० साली पुन्हा पहिल्यापासून. दया देणाऱ्याची असते, तो ती केव्हाही परत घेतो. हा धडा आपल्या चळवळीला नव्याने शिकवायला नको.

आपल्या राज्यघटनेत पंधराव्या आणि एकोणिसाव्या कलमात ‘नागरिक’ आहे. चौदाव्या आणि एकविसाव्या कलमात मात्र ‘व्यक्ती’ आहे. हा भेद हेतुपूर्वक केलेला आहे. ज्या बाबासाहेबांनी घटना समितीत बत्तिसाव्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले, त्यांना हे ठाऊक होते, की हक्क कागदावर असून भागत नाही, तो मागायला दार हवे. १९७६ साली आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयानेच बंदीप्रत्यक्षीकरणाचे ते दार लावून घेतले होते आणि तो निकाल चुकीचा होता असे स्पष्टपणे म्हणायला २०१७ साल उजाडले. दार लावून घेतले जाते तेव्हा सगळ्यांत आधी बाहेर राहतो तो ज्याच्याजवळ कागद नाही तो माणूस. आपल्या भटक्या-विमुक्त वस्त्यांत जन्माचा दाखला किती जणांजवळ आहे, हे शिक्षक मित्रांनी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून सांगावे. आसाम वाटतो तितका दूर नाही.

तेव्हा करायचे काय? २०२० चे दावे ज्यांनी जिंकले त्यांनी घोषणांवर जिंकले नाहीत. त्यांनी नावांच्या याद्या केल्या. प्रत्येकाचे वय, आजार, कोठडीतील दिवस आणि दोन खाटांमधले अंतर लिहून काढले. डॉक्टरांची शपथपत्रे जोडली. जामिनाची रक्कम परवडते की नाही हाही न्यायाचाच प्रश्न आहे, हे आसामच्या आदेशाने दाखविले. आज साथ ओसरली आहे. तुरुंगातील केंद्रांच्या जागी २०२३ पासून गोलपारा जिल्ह्यात मटिया येथे वेगळी छावणी चालू झाली आहे. पुढची साथ येईल तेव्हा याद्या करायला उसंत मिळणार नाही. त्या आताच करावयाच्या आहेत, आणि त्या करताना आतला माणूस कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा हे विचारावयाचे नाही. एकविसावे कलम ते विचारीत नाही.